जोयड्याचा पाऊस आणि हौशी चित्रपटकार

कोल्हापुराहून बेळगाव, खानापूर, लोंढा, रामनगर असे करीत जोयड्याला पोहोचायला अर्धा दिवस मोडतो. उत्तर कन्नड जिल्ह्यातला हा तालुका पूर्वी सुपा या नावाने ओळखला जाई. काळी नदीवर धरण झाले, जुने सुपा गाव जलाशयाच्या पोटात गेले आणि तालुक्याचे ठाणे जोयड्याला आले. अशा मुलखात चित्रण करायला जाणाऱ्याने काय सांभाळावे, हे मी तिथेच शिकलो. जरा उशिराच शिकलो, एवढेच.

तीन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात आमच्या गायनवर्गातली चार हौशी मुले तिकडच्या कुणबी वस्तीवर एक लघुपट करायला निघाली. आवाजाची बाजू पाहायला म्हणून मलाही गाडीत घातले. एका घरी आजीबाई जात्याशी बसल्या आणि दळताना म्हणायची कोंकणी गाणी जवळजवळ तासभर म्हणत राहिल्या. आवाज थकलेला, पण सुराची जागा कुठे चुकली नाही. आमची मुले तंबोरा लावायला घेतात तेवढ्या वेळात बाईंचा षड्ज लागलेला असे.

मुलांचा कॅमेरा सेकंदाला शंभर मेगाबिट या वेगाने चित्र टिपणारा. हिशेब साधा आहे : तासाला ४५ गिगाबाइट. चौसष्टचे कार्ड दुसऱ्या दिवशी भरले, लॅपटॉप आधीच भरलेला. तेव्हा ‘लागेल तेवढे’ ठेवून बाकीचे पुसले. लघुपट चौदा मिनिटांचा झाला, चारचौघांनी वाखाणला. त्यात आजीचे गाणे आहे चाळीस सेकंद.

पुढच्या पावसाळ्यात आजी गेल्या. नातवाचा फोन आला, “मास्तर, आजीचं ते पुरं गाणं पाठवा की. घरात कुणालाच सगळं येत नाही.” मी काय पाठवणार?

दोष त्या मुलांना कसा द्यावा? वडीलधारा म्हणून मी तिथेच बसलो होतो. आणि आपल्या करवीरनगरीची परंपरा तरी काय आहे? बाबूराव पेंटरांचा ‘सावकारी पाश’ १९२५ सालचा. त्या मूळ मूकपटाची प्रत आज उरलेली नाही. ‘आलम आरा’ हा आपला पहिला बोलपट १९३१ चा, तोही हरवला. तयार झालेल्या चित्रांची ही गत, तिथे कापून टाकलेल्या तुकड्यांना कोण विचारतो?

माझे वडील विलीनीकरणापूर्वीची शेवटची काही वर्षे दरबारात गायले. मी त्यांचा उतारवयातला मुलगा. त्यांच्या बरोबरीचे एक गवई खास बंदिशी कुणाला देत नसत. ते गेले आणि बंदिशीही गेल्या. वडिलांनी मात्र येईल त्याला शिकवले, म्हणून त्यांची चीज आज कुणाच्या ना कुणाच्या गळ्यात सापडते. डिस्कचेही तसेच आहे. एकाच डिस्कवर असलेले चित्रण म्हणजे एकाच कंठातली बंदिश.

आता आमच्याकडे शिरस्ता आहे. मुक्कामावर आल्यावर आधी कार्डावरचे सारे दोन वेगवेगळ्या डिस्कवर उतरवायचे. दोन्हींतल्या फिती उघडून सुरुवात, मध्य, शेवट पाहायचा. मग जेवण. कार्ड त्यानंतरच पुसायचे. घरी आल्यावर तिसरी प्रत करून ती दुसऱ्या गावी पाठवायची, कारण आग आणि पूर एका घरातल्या दोन कपाटांत भेद करीत नाहीत. खोक्यांना नावे तारीख आणि गावाची. ‘फायनल’, ‘नवे फायनल’, ‘अगदी फायनल’ हा घोळ बंद.

संकलन करताना मूळ फितीला कुणी हात लावीत नाही. लॅपटॉप अशक्त, म्हणून प्रत्येक फितीची हलकी, कमी तपशिलाची नक्कल करून तीवर काप घ्यायचे. शेवटी यंत्र मूळ फितींवरून चित्रपट बांधते. संकलनाची जी फाइल असते तिच्यात चित्र नसते, कुठे कापले, कुठे जोडले याची नोंद असते. स्वरलिपीची वही म्हणा. वही जपून ठेवली आणि गवई हरवला, तर गाणे कुठून ऐकणार?

आवाजाबद्दल दोन शब्द बोलल्याखेरीज माझ्याने राहवत नाही. ध्वनिमुद्रण सेकंदाला ४४,१०० नमुन्यांचे केले आणि यंत्राने ते ४८,००० चे समजून वाजवले, तर काळी एकमधले गाणे पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मध्ये जाऊन बसते, लयही चढते. पडद्याकडे पाहणाऱ्याच्या ते लक्षात येत नाही, पेटी जवळ असली की लगेच कळते. मोबाइलवर घेतलेल्या चित्रात दर सेकंदाच्या चौकटींची संख्या कमीजास्त होत राहते. अशी फीत आधी एकसारख्या गतीची करून घ्यावी, नाहीतर दहाव्या मिनिटाला ओठ आणि आवाज यांची फारकत होते. मुद्रणाआधी एक टाळी वाजवावी. वेगळा घेतलेला आवाज जुळवायला तिच्यासारखी खूण नाही.

जोयड्याच्या पावसात भिंती घाम गाळतात. तिथे भिंगावर बुरशी धरते. कॅमेरा आणि डिस्का घट्ट झाकणाच्या डब्यात, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवाव्यात. पुड्या मधूनमधून बदलाव्यात. फिरत्या चकतीची डिस्क दोन-तीन महिन्यांनी एकदा चालवून पाहावी. बिनचकतीची तर वर्षानुवर्षे विजेवाचून ठेवूच नये, तिच्यावरचे पुसट होत जाते.

नातवाला मी ती चाळीस सेकंदेच पाठवली. नंतर कळले की त्याच वाडीत आजींची एक धाकटी जाऊ आहे आणि तिला त्यातली काही कडवी येतात. येत्या डिसेंबरात जायचे ठरले आहे. या खेपेला चार डिस्का घेतल्या आहेत. त्यांतली एक त्यांच्याच घरी ठेवायची आहे, डब्यासकट.