१९६२ चा बेस १९६२ साली नवाच होता

"जुना लाकूड हाय ना काका, म्हनून तो आवाज येतो." जासईत, उरणला, पनवेलच्या प्रॅक्टिस रूममध्ये, जिथे म्हणून दोन बेस वाजवणारे एकत्र येतात तिथे पाच मिनिटांत हे वाक्य निघतंच. बोलणारा पोरगा एरवी हुशार असतो. कंटेनर यार्डात नोकरी, सुट्टीच्या दिवशी ऑर्केस्ट्रात हळदी आणि पूजा, आणि हप्त्यावर घेतलेला व्हिंटेज स्टाइलचा बेस. त्याची तक्रार एकच असते: बेस दिसतो साठच्या दशकातल्या फेंडरसारखा, पण तसा वाजत नाही. कारणही त्याने शोधून ठेवलेलं असतं. लाकूड नवं आहे. साठ वर्षं सुकलेलं लाकूड काही विकत आणता येत नाही, म्हणून तो निदान महागातले पिकअप तरी बसवायला निघतो. तारा मात्र बेस घेतला त्या दिवशीच्याच असतात, आणि दोन-तीन पावसाळे खाऊन तांबूस झालेल्या.

आधी साधा हिशोब करू. लिओ फेंडरचा प्रिसिजन बेस १९५१ साली आला. त्याचा आज ओळखीचा झालेला दोन तुकड्यांचा पिकअप १९५७ साली, आणि जॅझ बेस १९६० साली. ज्या रेकॉर्ड ऐकून आपण 'तो आवाज, तो आवाज' करतो त्यातल्या कितीतरी साठच्या दशकातल्या आहेत. जेम्स जेमरसनने मोटाउन या रेकॉर्ड कंपनीसाठी डेट्रॉइटमध्ये जे वाजवलं त्यातलं बरंचसं १९६२ च्या प्रिसिजन बेसवर आहे. ती गाणी रेकॉर्ड झाली तेव्हा त्या बेसचं वय काय असेल? बहुतेक वेळा चार-पाच वर्षंच. म्हणजे 'जुन्या लाकडाचा' म्हणून ज्या आवाजाची आरती ओवाळली जाते, तो जवळजवळ नव्याकोऱ्या वाद्याचा आवाज आहे. हे एकदा लक्षात आलं की बाकीचा वाद खरं तर संपायला हवा. संपत नाही, म्हणून पुढचं लिहावं लागतं.

मग जेमरसनचा आवाज आला कुठून? ॲलन स्लट्स्की यांनी १९८९ च्या 'स्टँडिंग इन द शॅडोज ऑफ मोटाउन' या पुस्तकात त्याची सगळी कुंडलीच मांडली आहे. तारा ला बेला कंपनीच्या, जाड, फ्लॅटवाउंड, म्हणजे वरून सपाट पट्टी गुंडाळलेल्या. तार तुटेपर्यंत तो ती बदलत नसे. ब्रिजवरच्या झाकणाखाली कारखान्यातून आलेला फोमचा तुकडा बहुतेक जण काढून फेकत, त्याने तो तसाच ठेवला. ॲक्शन, म्हणजे तारांची फ्रेटपासूनची उंची, जास्त. उजव्या हाताचं फक्त पहिलं बोट. आणि स्टुडिओत वायर थेट मिक्सरला. या यादीत लाकूड कुठे दिसतं का बघा.

हे घरी करून पाहता येतं. भांडी घासायच्या नव्या स्पंजची बोटभर रुंद पट्टी कापा आणि ब्रिजच्या अगदी पुढे, चारही तारांखाली, नुसती टेकेल अशी सरकवा. जोरात दाबून कोंबू नका, नाहीतर सूर चढतो. टोनचा नॉब अर्ध्याच्या खाली आणा आणि एकाच बोटाने नेकच्या बाजूला वाजवा. सूर लगेच उमटेल, लांबणार नाही, 'टुप्' करून जागेवर बसेल. दहा रुपयांचा स्पंज. यानंतरही कुणाला पंचवीस हजारांचे पिकअप हवे असतील तर खुशाल घ्यावेत, पैसे त्याचे आहेत.

आता लाकूडवाल्यांचा मुख्य मुद्दा: लाकडाचा आवाज पिकअपमध्ये उतरतो. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरून पोलादी तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत वीज तयार होते. पिकअपला तार कळते. लाकूड कळत नाही, कारण लाकूड चुंबकाकडे ओढलं जात नाही. जासईत हे कुणाला पटवायला खरं तर वेळ लागू नये, कारण हळदीत वाजणारा आपला इलेक्ट्रिक बँजो नेमका याच तत्त्वावर चालतो. जपानमधल्या नागोयात १९१२ साली निघालेल्या ताइशोगोतो या वाद्याचा तो वंशज. खटके दाबायचे, तारा छेडायच्या, खाली पिकअप. त्याचा आवाज अर्धा किलोमीटरवरून ओळखणारी माणसं गावात घरटी दोन सापडतील. त्यातल्या एकानेही बँजोवाल्याला आजवर विचारलेलं नाही की दादा, पेटी कुठल्या लाकडाची?

नॅशव्हिलचा गिटारवादक जिम लिल याने तर इलेक्ट्रिक गिटारचं लाकूडच काढून टाकलं. दोन टेबलांमध्ये तारा ताणल्या, मध्ये पिकअप टांगला आणि चांगल्या गिटारशी आवाज ताडून पाहिला. व्हिडिओ उपलब्ध आहे, डोळे मिटून ऐकावा. ओळखता येत नाही.

पण 'लाकडाने काहीच फरक पडत नाही' असंही ठोकून देऊ नये. फेंडर पद्धतीच्या बेसवर जी तारेच्या पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा सूर लवकर मरतो, त्याला डेड स्पॉट म्हणतात. जर्मनीत हेल्मुट फ्लायशर यांनी याचा मोजून अभ्यास केला आहे. नेकच तारेबरोबर हलू लागते आणि तारेची ताकद खाऊन टाकते. म्हणजे लाकूड आवाजात भर घालतं असं नाही, ते आवाज चोरतं, आणि तेही मुख्यतः नेकमध्ये, ज्या बॉडीबद्दल लोक भांडतात तिच्यात नव्हे. डेड स्पॉट हा बनावटीचा दोष समजून बेस परत करायला निघालेलेही असतात. हेडस्टॉकला सुताराचा छोटा क्लँप लावून पाहा. वजन वाढलं की मेलेला सूर एखादा फ्रेट इकडेतिकडे सरकतो. अस्सल १९६२ च्या बेसलाही हे डेड स्पॉट असतात, बरं का.

पिकअप बदलल्याने फरक पडतो, नाही असं नाही. पण पिकअप तारेपासून किती लांब आहे यानेही पडतो, आणि त्याला स्क्रूड्रायव्हर पुरतो. पिकअप तारेच्या फार जवळ आणला तर चुंबक तारेला ओढतो, सूर डगमगतो. एक-दोन मिलिमीटर खाली करा आणि मग ठरवा.

याच जातीचा दुसरा समज कपॅसिटरचा. जुना, तेलात भिजवलेल्या कागदाचा कपॅसिटर लावला की टोन 'उबदार' होतो म्हणे. टोनच्या नॉबला कळते ती कपॅसिटरची किंमत, म्हणजे ०.०४७ मायक्रोफॅरड की ०.१. सुरुवातीच्या प्रिसिजनमध्ये ०.१ होता, म्हणून नॉब बंद केल्यावर तो जास्त गडद होतो. मोजून सारख्या निघालेल्या दोन कपॅसिटरमध्ये कागद, तेल किंवा प्लॅस्टिक यांचा फरक कानाला लागत नाही, कारण बेसमधून जाणारा व्होल्टेज अगदीच किरकोळ असतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर साधा कपॅसिटर चहाच्या किमतीत मिळतो.

रंगाबद्दल तर काय सांगावं! 'नायट्रो लॅकरमध्ये लाकूड श्वास घेतं.' लाकूड मेलेलं आहे. ते ओलावा घेतं आणि सोडतं, आणि कुठलाही रंग ते थांबवत नाही, फक्त सावकाश करतो. शिवाय साठच्या दशकात फेंडरने वापरलेले कित्येक खास रंग गाड्यांचे होते, ड्यूपाँ कंपनीचे. त्यातले ल्युसाइट मालिकेतले चकचकीत निळे वगैरे रंग ॲक्रिलिक होते, नायट्रो नव्हेच. नायट्रोची खरी खबर कुणी देत नाही: स्टँडवरच्या रबराशी त्याचं वैर आहे. काही महिने तसाच टेकवून ठेवला तर रंग मऊ पडून रबराला चिकटतो. सुती फडकं गुंडाळा.

रोझवूडच्या फ्रेटबोर्डला परदेशी लाकूड समजतात. ब्राझीलचं रोझवूड दुर्मिळ झाल्यावर साठच्या दशकापासून गिटारवर जे आलं ते भारतीय रोझवूड, डाल्बर्जिया लॅटिफोलिया, म्हणजे आपल्या सह्याद्रीतला शिसव. आजोबांच्या कपाटाला असतो तोच. जानेवारी २०१७ मध्ये दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या साइट्स करारात सगळ्या रोझवूड जाती घातल्या गेल्या, म्हणून 'बेस घेऊन विमानात गेलो तर जप्त होईल' अशी भीती अजून ऐकू येते. नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना त्यातून सूट आहे. ब्राझीलच्या जातीला मात्र ती लागू नाही.

आता पावसाळा, कारण इथे खरं नुकसान होतं आणि तेही गैरसमजामुळे. जून उजाडला की खाडीवरून येणाऱ्या दमट हवेने नेक हलते. कुणाची पुढे वाकते, कुणाची मागे. तारा फ्रेटवर खडखडू लागतात किंवा हातभर उंच होतात, आणि मालक म्हणतो नेक गेली. नेक गेलेली नसते. तिच्या पोटात ट्रस रॉड नावाची पोलादी सळई आहे, ती नेमकी यासाठीच. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा, शेवटच्या फ्रेटवर तार दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात व्हिजिटिंग कार्ड घालून बघा. साधं कार्ड तीन दशांश मिलिमीटरच्या आसपास जाड असतं. ते अलगद सरकलं तर ठीक. फट जास्त असेल तर नट पाव वेढा आवळा, कमी असेल तर पाव वेढा सैल करा, आणि दुसऱ्या दिवशी परत बघा. पाव वेढा म्हणजे पाव वेढा.

तारांची उंची कमी करायला ट्रस रॉड पिळणारे महाभाग वेगळेच. उंचीसाठी ब्रिजवर स्क्रू आहेत.

व्हिंटेज स्टाइल घेताना एक गोष्ट दुकानदार सांगत नाही. जुन्या नकाशाबरहुकूम बनवलेल्या काही बेसना ट्रस रॉडचा नट नेकच्या बुडाशी, बॉडीत घुसलेल्या टोकाला असतो. तो फिरवायला तारा सैल करायच्या, चार स्क्रू सोडवायचे, नेक उचलायची, अंदाजाने पाव वेढा द्यायचा, सगळं परत बांधायचं, आणि चुकलं तर पहिल्यापासून. कोरड्या कॅलिफोर्नियात हे क्वचित लागत असेल. आपल्याकडे जून, ऑक्टोबर आणि थंडी धरली तर दर वर्षी लागतं. खरेदीच्या आधी नट कुठल्या टोकाला आहे ते बघावं. हेडस्टॉककडे असेल तर 'अस्सल नाही' म्हणून नाक मुरडू नये. फ्लॅटवाउंड तारांचा इथे आणखी एक फायदा: घाम आणि मीठ साठायला खाचा कमी, त्यामुळे जास्त टिकतात. कुठल्याही असोत, वाजवून झाल्यावर पुसाव्यात.

बाकी किरकोळ समज. जुने अल्निको चुंबक आपोआप 'उतरतात' आणि म्हणून आवाज गोड होतो: जवळ दुसरा जोरदार चुंबक आला नाही तर फारसे उतरत नाहीत. जड बेस जास्त वेळ घुमतो: पाठ जास्त दुखते एवढं नक्की. जानेवारी १९६५ मध्ये सीबीएसने फेंडर विकत घेतली आणि दुसऱ्या दिवसापासून माल बिघडला: गोदामातले भाग तेच, कामगार तेच, बदल हळूहळू झाले. पहिला इलेक्ट्रिक बेस फेंडरचा: सिअ‍ॅटलच्या पॉल टुटमार्कने तीसच्या दशकातच फ्रेट लावलेला बेस विकायला काढला होता. मोबाइलवर बेस ऐकू येत नाही म्हणजे रेकॉर्डिंग बिघडलं: सर्वांत खालची मोकळी ई तार ४१ हर्ट्झची, मोबाइलच्या स्पीकरला ती झेपत नाही. वरच्या सुरांवरून मेंदू खालचा सूर जुळवून घेतो.

'मॉडिफाय केलं की बेस बाद.' अस्सल १९६२ चा असेल, दहा लाखांच्या पुढचा, तर हात लावू नका, किंमत खरंच पडते. पण हप्त्यावरच्या बेसला कसलं सोवळं? बेसवादक जॅको पास्टोरियसने १९६२ च्या जॅझ बेसचे फ्रेट गायब केले आणि फ्रेटबोर्डवर बोटीला लावायचा इपॉक्सी थापला. फ्रेटलेस बेस जगाला माहीत झाला तो त्यामुळे.

'कीबोर्डवाल्याचा डावा हात आहे, बेसची गरज काय?' हे ऑर्केस्ट्राचे मालक म्हणतात, कारण एक मानधन वाचतं. रोलँड कंपनीलाही १९८१ साली असंच वाटलं होतं. टीबी-३०३ हे यंत्र तिने बेस गिटारवाल्याच्या जागी म्हणून काढलं. बेस गिटारसारखं ते अजिबात वाजलं नाही आणि दोन-तीन वर्षांत उत्पादन बंद पडलं. त्याचा खरा उपयोग ज्यांनी आधी ओळखला त्यांच्यात मुंबईचे चरणजित सिंग होते, आणि ते स्वतः हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये बेस गिटार वाजवणारे. १९८२ साली त्यांनी त्यावर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात बसवले. बेसची नक्कल म्हणून त्यांनी ते वापरलं नाही, वेगळं वाद्य म्हणून वापरलं. यंत्राकडून काय घ्यायचं हे बेसवाल्याला कळलं, कंपनीला कळलं नव्हतं.

आणि शेवटी 'हम'. तारेला हात लावला की गुणगुण थांबते, सोडला की सुरू होते, म्हणून बेस सदोष आहे असं समजून वायरिंग उपटणारे मी पाहिलेत. ब्रिजखालून एक वायर ग्राउंडला गेलेली असते, तिच्यामुळे हे होतं आणि ते बरोबर आहे. पण याचाच अर्थ असा की वाजवताना तुमचा हात ॲम्पच्या अर्थिंगला जोडलेला असतो. मांडवात एक्स्टेंशन बोर्डाला तीन पिनची जागा नाही म्हणून ॲम्पची अर्थ पिन कापून टाकायची पद्धत आहे. गुणगुण कमी होते असंही वर सांगतात. तसा ॲम्प बिघडला तर करंट तारांवर येतो, आणि दुसरा हात किंवा ओठ माइकला लागला की माणसातून जातो. पिन कापलेला ॲम्प दिसला तर बेस पिशवीतून बाहेर काढू नका, हळद कुणाचीही असो.