बर्फाविना हिमसुट्टी : परभणीची थंडी आणि घरातली मुले

न्यू जर्सी किंवा बॉस्टन येथील मराठी कुटुंबांत हिवाळ्यातील एखादी सकाळ शाळेच्या निरोपानेच उजाडते. रात्रभर हिमवर्षाव झालेला असतो, रस्ते बंद असतात आणि शाळेला सुट्टी जाहीर होते. परभणीतील आजी-आजोबा हा सोहळा मोबाइलच्या पडद्यावर पाहतात, तेव्हा शेजारी गोधडीत गुरफटलेल्या नातवंडाचा प्रश्न ठरलेला असतो : 'आपल्याकडेही एवढी थंडी पडते, मग बर्फ का पडत नाही?'

प्रश्न बालिश नाही. उन्हाळ्यासाठी ओळखले जाणारे परभणी थंडीतही राज्यात पुढे असते. येथील वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या आवारातील वेधशाळेत २०१८ च्या डिसेंबरअखेरीस पारा ४ अंश सेल्सिअसच्या खाली उतरला होता. हवामान खात्याच्या निकषांनुसार मैदानी प्रदेशात किमान तापमान ४ अंश किंवा त्याखाली गेले, की ती थंडीची लाट ठरते.

तरीही बर्फ पडत नाही. कारण परभणीची थंडी ढगांच्या अभावातून जन्मते आणि हिमवर्षावाला ढग लागतात. समुद्रापासून दूर असलेल्या या भागात हिवाळी हवा कोरडी आणि आकाश निरभ्र असते. दिवसभर तापलेली जमीन सूर्यास्तानंतर आपली उष्णता आकाशात सोडत राहते. ती अडवायला ढगांचे पांघरूण नसते. त्यात उत्तरेकडून थंड वारे आले, की पहाटे पारा घसरतो. ढग आले तर हीच उष्णता जमिनीलगत अडकते आणि थंडी पळते. थोडक्यात, थंडी असते तेव्हा ढग नसतात आणि ढग येतात तेव्हा थंडी उरत नाही. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी कधीकधी पांढरी चादर दिसते, तेही हिमवर्षावाचे नव्हे, तर गोठलेल्या दवाचे दृश्य असते.

मुलांना हे प्रयोगातूनही दाखवता येते. पसरट ताटलीत थोडे पाणी घालून ती रात्री गच्चीवर, कोरड्या कडब्यावर ठेवावी. कडब्यामुळे खालची ऊब ताटलीपर्यंत पोहोचत नाही आणि उघड्या आकाशाखाली पाणी हवेपेक्षाही थंड होते. फार कडाक्याच्या रात्री त्यावर बर्फाचा पापुद्राही धरू शकतो. अठराव्या शतकात अलाहाबादेस मातीच्या उथळ भांड्यांतून याच रीतीने बर्फ तयार करीत. त्याचे वर्णन १७७५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापले गेले होते.

याच कारणामुळे परभणीची 'हिमसुट्टी' दिवसभराची नसते. जी कोरडी हवा पहाट गारठवते, तीच सूर्य वर येताच झपाट्याने तापते. पहाट आणि दुपार यांत वीस अंशांच्या आसपास फरक पडतो. सकाळी सातला कुडकुडणारे मूल अकराला स्वेटर भिरकावून देते. म्हणजे खरी काळजी घ्यायची ती रात्रीची आणि सकाळच्या दोन-तीन तासांची.

लहान मुलांच्या शरीराचा पृष्ठभाग वजनाच्या मानाने मोठा असल्याने त्यांची उष्णता लवकर निघून जाते. नवजात बाळाला तर मोठ्यांसारखे कुडकुडून ऊब निर्माण करता येत नाही. म्हणून एकच जाड कपडा घालण्यापेक्षा दोन-तीन पातळ कपडे एकावर एक घालावेत. त्यांच्यामध्ये अडकलेली हवा ऊब धरून ठेवते. जुन्या लुगड्यांचे थर शिवून केलेल्या गोधडीचे रहस्यही हेच. ऊन चढेल तसा एकेक कपडा काढावा. तान्ह्या बाळाच्या तोंडावर मात्र पांघरूण येऊ देऊ नये. खोकल्यावर म्हणून मध चाटवण्याची पद्धत घरोघरी आहे, पण एक वर्षाखालील बाळाला मध मुळीच देऊ नये. त्यातून होऊ शकणारी विषबाधा जिवावर बेतू शकते.

सर्वांत मोठा धोका मात्र थंडीचा नसून उबेचा आहे. दारे-खिडक्या लावून खोलीत कोळशाची शेगडी किंवा शेकोटीतले निखारे ठेवले, की कार्बन मोनॉक्साइड साचू लागतो. या वायूला ना रंग, ना वास. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक घट्ट बांधला जातो. डोके दुखते, मळमळते, गुंगी येते आणि झोपेतला माणूस उठतच नाही. मुलांचा श्वास जलद असल्याने त्यांच्यावर परिणाम आधी होतो. शेकोटी अंगणातच शोभते. झोपण्याच्या खोलीत निखारा नेऊ नये, विझत आलेलाही नाही.

राहिला प्रश्न शाळेचा. पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवावेत, असे निर्देश राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिले. मुलांची अपुरी झोप हे त्यामागचे मुख्य कारण. परंतु परभणीसारख्या गावात ही वेळ हवामानाच्या हिशेबातही चपखल बसते. येथे मुलांना संपूर्ण दिवसाच्या सुट्टीपेक्षा उशिरा भरणाऱ्या शाळेची गरज अधिक आहे.

आणि सुट्टी मिळालीच, तर तिचे स्वागत करायला परभणीजवळ स्वतःचे साहित्य आहे. चुलीवरची बाजरीची भाकरी, तीळगूळ, शेतातला ज्वारीचा हुरडा आणि दहानंतरचे कोवळे ऊन. शिवारातला गहू आणि हरभरा याच थंडीवर पोसतात, हेही मुलांना बांधावर उभे करून सांगता येईल. बर्फाचा माणूस करता आला नाही, तरी थंडीची ओळख करून घ्यायला तेवढी सकाळ पुरेशी असते.