हवेचा एप्रिल, पाण्याचा एप्रिल

१९ एप्रिल २०१८ रोजी लंडनच्या सेंट जेम्सेस पार्कमध्ये पारा २९.१ अंशांवर गेला. १९४९ नंतर ब्रिटनमध्ये एप्रिलात एवढं ऊन पडलं नव्हतं. असं अवचित ऊन पडलं की तिथली माणसं स्वेटर फेकून समुद्राकडे धावतात. पण समुद्राचा हिवाळा तेव्हा कुठे संपत आलेला असतो! ब्रिटनभोवतीचं पाणी सर्वांत थंड असतं ते फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि एप्रिलातही ते दहा अंशांच्या आसपासच रेंगाळतं.

असं का? एक घनमीटर पाणी एका अंशाने तापवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात सुमारे साडेतीन हजार घनमीटर हवा तापते. हवा दुपारपर्यंत गरम होते. समुद्राला महिने लागतात. एकाच किनाऱ्यावर, एकाच क्षणी, दोन वेगवेगळे ऋतू नांदत असतात. मला हे फार विलक्षण वाटतं.

आणि पाण्यात पडलेल्या माणसाच्या शरीरात जे घडतं, ते त्याहून विलक्षण. आपल्याला वाटतं, तो गारठून बुडतो. पण मोठ्या माणसाचं शरीर आतून धोकादायक इतकं गार व्हायला बहुधा अर्धा तास तरी लागतो. घात होतो तो पहिल्या मिनिटातच. माघातल्या पहाटे गार पाण्याचा तांब्या अंगावर घेतला की आपण नकळत ‘हाऽऽ’ करून श्वास आत ओढतो ना, तोच श्वास! कातडीला गारवा कळताच फुप्फुसं आपोआप हवा ओढतात. मग श्वास भराभर चालतो, रक्तदाब चढतो, काळीज धडधडतं. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर हवेऐवजी पाणी आत जातं. पट्टीच्या पोहणाऱ्याचंही यापुढे काही चालत नाही. पोर्ट्समथ विद्यापीठाचे माइक टिप्टन यांनी शरीराच्या याच धक्क्याचा वर्षानुवर्षं अभ्यास केला आहे.

आता यातली दिलासा देणारी गोष्ट. हा झटका दीड-दोन मिनिटांत ओसरू लागतो. म्हणून १८२४ पासून समुद्रात बुडणाऱ्यांना वाचवणारी ब्रिटनची आरएनएलआय ही संस्था सांगते, की पाण्यात पडलात तर आधी पोहू नका, तरंगा. डोकं मागे टाका, कान पाण्यात जाऊ द्या, हात हलके हलवत राहा. पाय खाली गेले तरी चालेल. श्वास ताळ्यावर आला की मगच ओरडा किंवा काठाकडे वळा. मात्र फार वेळ दवडू नका, कारण पुढच्या काही मिनिटांत हातापायांतली ताकद जाऊ लागते. दुसरं कुणी पडलेलं दिसलं तर उडी मारू नका. तरंगणारं काहीतरी फेका आणि ९९९ला फोन करून किनाऱ्यावर कोस्टगार्ड मागा.

तुमचं लेकरू तिकडे शिकायला असेल, तर येत्या एप्रिलात फोनवर त्याला एवढं जरूर सांगा: ऊन बघून पाण्यात उतरू नकोस, आणि पडलासच तर आधी तरंग.