रिसेटचे बटण आणि घराचे दप्तर

आजोबांच्या शाळेचा १९५० पूर्वीचा दाखला म्हणजे आपल्यातील कित्येक कुटुंबांच्या लेखी नुसता जुना कागद नव्हे. जातपडताळणीच्या वेळी नातवंडांचा प्रवेश त्यावर अवलंबून असतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मुंबई परिसरातील अनेक तळमजल्यांवरच्या पेट्यांत असे कागद भिजले. मूळ दाखल्याची जागा प्रत घेऊ शकत नाही, हे खरे. तरीही मीरा-भाईंदरच्या खाडीकाठच्या दमट हवेत राहणाऱ्या आपण मंडळींनी दाखले आणि स्नेहसंमेलनांची छायाचित्रे स्कॅन करून 'नॅस'वर ठेवावीत, असे आम्हांस वाटते.

नॅस म्हणजे घरच्या राउटरला जोडलेली साठवणपेटी. तिच्यातील दोन किंवा अधिक डिस्क एकत्र बांधून जो साठा होतो, त्यास 'पूल' म्हणतात. दोन डिस्कवर तीच माहिती लिहिली जात असेल, तर एक बिघडली तरी दुसरीवर काम चालते.

पासवर्ड विसरला की कोणीतरी सांगते, "रिसेट करा." येथेच घोटाळा होतो, कारण एकाच शब्दाने दोन निराळ्या क्रिया ओळखल्या जातात. सिनॉलॉजीच्या पेटीमागील छोटे बटण सुमारे ४ सेकंद दाबले तर व्यवस्थापकाचा पासवर्ड आणि नेटवर्कची मांडणी मूळपदावर येते. फायली जागच्या जागी राहतात. क्यूनॅपमध्ये ३ सेकंदांचा साधा रिसेटही असाच. १० सेकंद दाबल्यास सर्व मांडणी पुसली जाते, फायली मात्र राहतात. याउलट पडद्यावरील 'सर्व माहिती पुसून मूळ स्थितीत आणा' हा पर्याय खरोखरच सर्व पुसतो. रिसेटनंतर पूल दिसेनासा झाला, तर घाईने नवा पूल तयार करू नये. नवा पूल जुन्यावर लिहितो. आधीचा पूल पुन्हा जोडून घेण्याचा पर्याय शोधावा.

पूल एसएसडीचा असेल, तर जपणूक दुप्पट हवी. जुन्या हार्ड डिस्कवर फाईल पुसली तरी बहुधा केवळ तिची नोंद जाते, मजकूर काही काळ राहतो, आणि जाणकार तंत्रज्ञ तो परत काढू शकतो. एसएसडीत 'ट्रिम' चालू असेल, तर रिकाम्या झालेल्या जागा डिस्क स्वतःच साफ करते. मग पैसे मोजूनही फारसे हाती लागत नाही. शिवाय एकाच वेळी घेतलेल्या दोन एसएसडीवर सारखेच लिखाण होते, म्हणून त्या सारख्याच झिजतात. लेखनक्षमता संपत आलेल्या घरगुती एसएसडीने वीज नसताना ३० अंश सेल्सिअसला एक वर्ष माहिती धरावी, एवढीच जेडेक या मानक संस्थेची अपेक्षा आहे. उष्णता वाढली की मुदत घटते. जुनी एसएसडी माळ्यावर टाकून निर्धास्त राहणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे.

बटणाला कोणी हात न लावताही हे घडू शकते. जून २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या 'माय बुक लाइव्ह' या पेट्यांवर जगभर कोणीतरी दुरूनच फॅक्टरी रिसेटची आज्ञा दिली, आणि अनेकांची वर्षानुवर्षांची छायाचित्रे एका रात्रीत गेली. त्या पेट्यांना २०१५ नंतर सुधारणा मिळत नव्हत्या. रिसेटपूर्वी पासवर्ड विचारणारा भागही कंपनीच्याच आज्ञावलीत बंद पडलेला होता. अशा वेळी दोन डिस्कचा पूल उपयोगी पडत नाही, कारण एकीवरचे पुसणे दुसरीवरही लगोलग होते.

म्हणून एक प्रत साध्या बाह्य हार्ड डिस्कवर घ्यावी, ती पेटीपासून काढून गावाकडच्या भावाकडे किंवा बहिणीकडे ठेवावी. कूटबद्ध फोल्डर असेल तर त्याची किल्ली कागदावर लिहून वेगळी जपावी. पावसाळ्यापूर्वी ती डिस्क मागवून दोन-चार दाखले उघडून पाहावेत, नवी छायाचित्रे भरावीत आणि ती परत पाठवावी.