पोळी कमी करण्याआधी ताटात काय वाढायचं?

घरातल्या मोठ्या माणसानं रक्तातली साखर वाढली म्हणून भात सोडला, पोळी निम्मी केली आणि त्याचा गुण आला, की तोच नियम मुलांच्या ताटाला लावावासा वाटतो. उलट बाजूला आजी-आजोबांचा ठाम विश्वास असतो: वाढतं वय आहे, खाऊ दे पोटभर, खेळलं की सगळं जिरतं. दोन्ही समजुती मायेपोटीच आलेल्या आहेत, आणि दोन्ही अपुऱ्या आहेत. आपल्या मुलांच्या आहारात कर्बोदकांचा वाटा प्रमाणाबाहेर गेला आहे हे खरं, आणि तो कमी व्हायला हवा हेही खरं. पण तो मुलापुढची पोळी उचलून घेतल्यानं नीट कमी होत नाही. आधी साखर हटवावी लागते, मग डाळी, उसळी, दूध-दही, अंडी, दाणे आणि भाज्या यांना ताटात खरी जागा द्यावी लागते. ती दिली की धान्य आपोआप मागे सरतं आणि मूल उपाशीही राहत नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ साली भारतीयांसाठी आहाराची सुधारित मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. दिवसभराच्या ऊर्जेपैकी धान्यांतून ४५ टक्क्यांपेक्षा जास्त येऊ नये, असं ती सांगतात. प्रत्यक्षात आपल्याकडे ५० ते ७० टक्के ऊर्जा धान्यातूनच येते. डाळी आणि मांस-मासळी यांचा वाटा १४ टक्क्यांच्या आसपास असायला हवा, तो ६ ते ९ टक्क्यांवर अडकलेला आहे. हे आकडे मराठी घरातल्या एखाद्या साध्या दिवसावर ताडून पाहावेत. सकाळी पोहे, डब्यात जॅम लावलेली गुंडाळीपोळी, दुपारी बटाट्याची भाजी आणि भात, संध्याकाळी बिस्किटं किंवा खारी, रात्री पुन्हा वरण-भात. यात अपथ्य वाटावं असं काहीच नाही, म्हणूनच ते खटकत नाही. पण एकावर एक पिष्टमय पदार्थच रचले जात आहेत. वरणावर आपला भारी भरवसा. मात्र वाटीभर पातळ वरणात जेमतेम २०-२५ ग्रॅम डाळ असेल, तर त्यातून प्रथिनं मिळतात पाचेक ग्रॅम. वरण घट्ट करणं, ही या लेखातली बहुधा सर्वांत स्वस्त सूचना असेल.

यावर पहिली शंका येते ती बारीक अंगकाठीच्या मुलांबद्दल. आमचं मूल तर काडीसारखं, त्याला साखरेची कसली भीती? या प्रश्नाचं उत्तर शोधण्याचं मोठं काम पुण्यातच झालं आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे परिसरातल्या खेड्यांत जन्मलेल्या बाळांची तुलना इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांशी केली. आपली बाळं सरासरी २.७ किलोची, तिकडची ३.५ किलोची. पण वजनातली ही तूट मुख्यतः स्नायू आणि पोटातल्या अवयवांची होती. त्वचेखालची चरबी त्या मानानं फारशी कमी नव्हती. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये याज्ञिकांनी स्वतःचं आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचं छायाचित्र शेजारी शेजारी छापलं. उंचीच्या प्रमाणात वजन मोजणारा दोघांचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३, शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. २०१६ ते २०१८ दरम्यान झालेल्या राष्ट्रीय व्यापक पोषण सर्वेक्षणातही हेच चित्र दिसतं. पाच ते एकोणीस वयाच्या मुलांत जादा वजनाची मुलं चार-पाच टक्के, तर मधुमेहाच्या उंबरठ्यावरची सुमारे दहा टक्के. म्हणजे ही सगळी मुलं काही गुबगुबीत असू शकत नाहीत. वजनकाटा पाहून निश्चिंत होणं किंवा घाबरणं, दोन्ही आपल्या मुलांच्या बाबतीत फसवं आहे.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, महाराष्ट्रात पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानानं खुजी आणि ३६ टक्के कमी वजनाची होती. अशा राज्यात कर्बोदकं कमी करण्याची भाषा ही सुखवस्तू घरांची चैन नाही का? नुसता भात-पोळी कमी करण्याचा सल्ला असता, तर तो अशा मुलांसाठी घातकच ठरला असता. पण खुज्या मुलाच्या ताटात ज्या गोष्टी नाहीत, त्याच मधुमेहाच्या वाटेवरच्या मुलाच्या ताटातही नाहीत: पुरेशी प्रथिनं, चांगला स्निग्धांश, भाजी, फळ. पोट धान्यानं भरतं, पण उंची आणि स्नायू नुसत्या धान्यानं वाढत नाहीत. कुपोषित मुलाची ऊर्जा कमी न करता तिच्यात दाण्याचं कूट, तूप, अंडं, डाळ यांची भर घालायची. खात्यापित्या घरातल्या मुलाचं बिस्किट काढून तिथे फुटाणे ठेवायचे. प्रमाण वेगळं, दिशा एकच.

म्हणूनच मोठ्यांचा ‘किटो’ किंवा भात-पोळी पूर्ण बंद करणारा आहार मुलांना लावणं मला सरळ धोक्याचं वाटतं. पाच वर्षांच्या आसपास मुलाचा मेंदू शरीराच्या रोजच्या ऊर्जेपैकी ४० टक्क्यांहून अधिक वापरतो आणि त्याचं मुख्य इंधन ग्लुकोज आहे. किटो आहाराची कल्पना अमेरिकेत १९२१ साली अपस्माराच्या उपचारासाठी पुढे आली. औषधांना दाद न देणाऱ्या मुलांत तो आजही वापरतात, पण डॉक्टर आणि आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली, तपासण्या करत. २०२३ साली अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं या विषयावर अहवाल काढला. वाढ खुंटणं, पोषक घटकांची कमतरता आणि खाण्याशी बिघडलेलं नातं हे धोके सांगून त्यांनी कडक निर्बंधांपेक्षा साखर आणि प्रक्रिया केलेलं खाणं कमी करण्यावर भर दिला. मुलाला टाइप १ मधुमेह असेल, तर इन्शुलिनचा डोस जेवणातल्या कर्बोदकांशी बांधलेला असतो. तिथे घरच्या घरी भाकरी कमी-जास्त करण्याचे प्रयोग जिवावर बेतू शकतात.

गेल्या काही वर्षांत भरडधान्यांचा बराच बोलबाला झाला आहे. तो चांगलाच; पण गव्हाऐवजी ज्वारी-नाचणी आली म्हणजे कर्बोदकं कमी झाली, हा समज चुकीचा आहे. गहू, ज्वारी, बाजरी, नाचणी या सगळ्यांच्या १०० ग्रॅम पिठात कर्बोदकं साधारण ६० ते ६८ ग्रॅम असतात. नाचणीचा खरा गुण कॅल्शियमचा: १०० ग्रॅममध्ये ३५० मिलिग्रॅमच्या आसपास. ज्वारी-बाजरीत पॉलिश केलेल्या तांदळापेक्षा चोथा कितीतरी जास्त. तेव्हा भाकरी जरूर द्यावी, पण पिठलं, उसळ किंवा दही सोबत हवं. नाचणीचं सत्त्व गूळ घालून गोड केलं, तर नाचणीच्या नावाखाली साखरच पाजली जाते. आणि उपवासाला ‘हलका’ म्हणून मुलांनाही आवडीनं देतात तो साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. त्या खिचडीत मुलाच्या उपयोगाचं काही असेल, तर ते दाण्याचं कूट.

खरी लढाई साखरेशी आहे, कारण ती बहुतेक वेळा साखर म्हणून घरात येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली मर्यादा ठरवली, तेव्हा मध आणि फळांचा रसही त्यात मोजला. अख्खं फळ आणि साधं दूध मात्र मोजलं नाही. गुळात शंभरातले ऐंशीहून अधिक भाग साखरच असते, थोडंफार लोह असलं तरी. पाच-सहा वर्षांच्या मुलाची रोजची गरज साधारण १,३५० किलोकॅलरी धरली, तर साखरेसाठी सुचवलेली पाच टक्क्यांची मर्यादा होते सुमारे १७ ग्रॅम, म्हणजे चारेक सपाट चमचे. आंब्याच्या पेयाचं २०० मिलिलीटरचं एकच खोकं ती ओलांडतं. ‘शक्तिवर्धक’ म्हणून दुधात मिसळायच्या पुडांबद्दल तर एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाला ऑनलाइन विक्रेत्यांना सांगावं लागलं, की त्या ‘हेल्थ ड्रिंक’ या वर्गात विकू नका; अन्नसुरक्षा कायद्यात अशी व्याख्याच नाही. साखरेनं मुलं बेभान होतात, ही समजूत मात्र टिकत नाही: १९९५ साली अनेक चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यात मुलांच्या वागण्यावर साखरेचा असा परिणाम आढळला नाही. साखर टाळायची ती मस्तीच्या भीतीनं नव्हे, पुढच्या आयुष्यासाठी. ब्रिटनमध्ये साखरेचं रेशनिंग सप्टेंबर १९५३ मध्ये उठलं. त्याआधी आणि त्यानंतर जन्मलेल्यांची तुलना २०२४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आली. गर्भावस्थेपासून पहिले हजार दिवस कमी साखर मिळालेल्यांमध्ये टाइप २ मधुमेहाचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि उच्च रक्तदाबाचा सुमारे २० टक्क्यांनी कमी होता. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळानं मे २०२५ मध्ये आपल्या शाळांना साखरेची माहिती देणारे फलक लावायला सांगितलं, हे म्हणून महत्त्वाचं वाटतं.

हे सगळं पटलं तरी आई-बाबांचा शेवटचा प्रश्न उरतोच: पण तो खातच नाही! नवा पदार्थ मुलानं एकदा-दोनदा नाकारला म्हणजे त्याला तो आवडत नाही, हा यातला सर्वांत महागात पडणारा गैरसमज आहे. मुलांच्या खाण्याच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे, की नवी चव स्वीकारायला आठ-दहा, कधी पंधरा वेळाही ती समोर यावी लागते; थोडीशी, आग्रहाविना. ‘भाजी संपव, मग चॉकलेट’ हा सौदा भाजीला शिक्षा ठरवतो आणि चॉकलेटला बक्षीस. काय वाढायचं आणि कधी, हे मोठ्यांनी ठरवावं. किती खायचं हे मुलाच्या भुकेवर सोडावं. वाढताना उसळ, कोशिंबीर किंवा अंडं आधी यावं, भात नंतर. डब्यात मूगडाळीचं धिरडं, पनीर किंवा मोडाची मटकी. छोट्या सुट्टीसाठी फुटाणे किंवा दाणे. पाच वर्षांखालच्या मुलांना मात्र अख्खे दाणे देऊ नयेत, ते घशात अडकतात, कूट द्यावं. आणि बाबा बटाट्याच्या भाजीवर जेवत असताना मुलीनं एकटीनं मेथी खावी, ही अपेक्षा कधी पुरी होत नाही.

खर्चाचा मुद्दा खरा आहे, पण शेंगदाणे, चवळी, मटकी, फुटाणे, ताक ही काही श्रीमंतांची सामग्री नव्हे. रोजच्या बिस्किटपुड्याचे पैसे तिकडे वळवले तरी बरंच साधतं. ज्या घरांत तेवढाही पैसा नाही, तिथल्या मुलांसाठी शाळेतलं जेवण हाच आधार आहे. प्रधानमंत्री पोषण योजनेत पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम धान्य आणि २० ग्रॅम डाळ ठरलेली आहे. म्हणजे तिथेही सुमारे तीन चतुर्थांश ऊर्जा धान्यातूनच. हा तोल थोडा सावरेल म्हणून महाराष्ट्रानं नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्यातून एक अंडं सुरू केलं, न खाणाऱ्यांना केळं. जानेवारी २०२५ मध्ये अंड्यासाठीचा सरकारी निधी थांबवला आणि शाळांना लोकवर्गणीचा मार्ग दाखवला. जिथे अंडं सर्वांत गरजेचं, त्या पाड्या-वस्त्यांवर वर्गणी देणार कोण? हा निधी राज्यानं पुन्हा सुरू करावा आणि डाळीचं प्रमाणही वाढवावं.