जुन्या वाटेचा प्रवास : सुरुवात माहिती केंद्रातून

अमेरिकेत मुलांकडे गेलेले आपल्याकडील बहुतेक पर्यटक नायगारा आणि न्यूयॉर्क पाहून परततात. इतिहासाची आवड असणाऱ्यांनी दक्षिणेकडील ‘नॅचेझ ट्रेस पार्कवे’चाही विचार करावा. मिसिसिपीतील नॅचेझपासून टेनेसीतील नॅशव्हिलनजीकपर्यंत जाणारा हा रस्ता ४४४ मैलांचा, म्हणजे सुमारे ७१५ किलोमीटरचा आहे.

मूळ पायवाट नॅचेझ, चोक्टॉ आणि चिकसॉ या मूळनिवासींची. अठराव्या शतकाच्या अखेरीस ओहायो खोऱ्यातील नावाडी प्रवाहाबरोबर माल खाली आणत. परतीसाठी नाव निरुपयोगी, म्हणून ती लाकडाच्या भावाने विकून याच वाटेने पायी घरी जात. आगबोटी आल्या आणि वाट ओस पडली.

मार्गाचे मुख्य माहिती केंद्र टुपेलो येथे, २६६व्या मैलावर आहे. मैलांची गणना नॅचेझपासून होते. येथून उत्तरेला जावे की दक्षिणेला, हा पहिला प्रश्न. उत्तरेस २८६व्या मैलापुढे ‘फार माउंड्स’ ही प्राचीन दफनस्थळे आणि ३८५व्या मैलापुढे मेरीवेदर लुईस या संशोधक-प्रवाशाचे १८०९मधील मृत्युस्थान आहे. दक्षिणेस ४१व्या मैलानजीक पावलांनी खोल झिजलेली मूळ वाट, तर दहाव्या मैलाजवळ ‘एमराल्ड माउंड’ हा भव्य मातीचा चौथरा. वेगमर्यादा ताशी ५० मैल असल्याने एमराल्ड माउंडलाच पाच तासांहून अधिक लागतात. एका दिवसात दोन्ही दिशा साधत नाहीत.

केंद्रातील कर्मचाऱ्यांना नेमके प्रश्न विचारावेत. रस्ता कोठे बंद आहे? पेट्रोल कोठे मिळेल? पार्कवेवर एकही पेट्रोलपंप नाही. त्यासाठी लगतच्या गावात उतरावे लागते. मोबाइलचे जाळेही सर्वत्र मिळत नाही. त्यामुळे कागदी नकाशा अवश्य घ्यावा. प्रवेशशुल्क नाही. केंद्राच्या वेळा मात्र निघण्यापूर्वीच पाहाव्यात.

केंद्रापासून जेमतेम पाच मैलांवर चिकसॉ वस्तीची जागा आहे. आज तेथे केवळ गवताळ मैदान दिसते. १८३२च्या करारानंतर चिकसॉंना ही भूमी सोडून पश्चिमेस जावे लागले, हे आधी समजून घेतले नाही, तर पर्यटक तेथे क्षणभर थांबून पुढे निघून जाईल.