पैशाची काळजी नसती तर?

मैत्रिणींनो, पैशाची काळजी नसती, तर पीएच.डी.साठी आपण कोणता विषय निवडला असता? हा प्रश्न स्वतःला आधी विचारावा, असं आम्ही म्हणतो. किमान तीन वर्षं, कधी सहा वर्षंही त्या विषयासोबत काढायची असतात. केवळ नोकरीसाठी घेतलेला विषय मध्येच नकोसा होतो.

विषय दूरचाच हवा असंही नाही. कमला सोहोनींनी बटाट्यावर संशोधन करून १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. हेमा राइरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या.

पदवी मिळाली नाही तरी ज्याचं उत्तर शोधावंसं वाटेल, असे तीन प्रश्न आज वहीत लिहा. मग मार्गदर्शक शोधा. नेट परीक्षेतून जेआरएफ मिळाली, तर दरमहा पाठ्यवृत्तीही मिळते. पैशाचा विचार करायचाच. पण दुसऱ्या पानावर.